पटाशी घेताना आधी पाठ बघा

पटाशी हातात आली की बहुतेक जण पहिल्यांदा अंगठा धारेवर टेकवून बघतात. दुकानातल्या नव्या पटाशीच्या धारेवरून मात्र काहीच कळत नाही. कारखान्यातून येणारी धार ही फक्त घासलेली कड असते, खरी धार घरी आणल्यावर आपल्यालाच लावायची असते. नवी पटाशी हे अर्धं तयार हत्यार असतं आणि उरलेलं अर्धं काम घेणाऱ्याचं. त्यामुळे विकत घेताना लक्ष द्यायचं ते घरी बदलता येणार नाही किंवा बदलायला फार कष्ट पडतील अशा गोष्टींकडे: पाठीचा, म्हणजे पात्याच्या मागच्या बाजूचा, सपाटपणा, पात्याची घडण, पोलाद आणि त्याला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून आणि थंड करून आणलेला कडकपणा. मूठही बघायची, पण ती शेवटी. मूठ बदलता येते.

१. काम कोणतं, ते आधी ठरवा

घरातल्या सुतारकामात पटाशी नेमकी कुठे लागते? दाराच्या बिजागरीसाठी दोन-तीन मिलिमीटर खोल खाच घेताना, कुलपाची पट्टी चौकटीत बसवताना, करवतीने कापलेला कुसू, म्हणजे सांध्याच्या भोकात जाणारी लाकडाची जीभ, जरा जाड राहिला तर तो तासून भोकात बसता करताना, खणाचे डव्हटेल (पारव्याच्या शेपटीसारखे तिरपे, एकमेकांत अडकणारे) सांधे साफ करताना, राउटरने (खाचा पाडायच्या यंत्राने) केलेल्या खाचेचे गोल राहिलेले कोपरे काटकोनात आणताना. ही यादी नीट बघितली तर लक्षात येईल की यातलं जवळजवळ सगळं काम तासायचं आहे, हाताच्या दाबाने किंवा मोगरीच्या (लाकडी हातोड्याच्या) हलक्या ठोक्याने होणारं. खोल भोकं पाडायचं जड काम घरी क्वचित निघतं, आणि निघालं तरी आधी ड्रिलने पोकळ करून मग बाजू पटाशीने साफ करता येतात.

म्हणून पहिली खरेदी तासकामाला सोयीची असावी.

२. प्रकार

पात्याचा छेद बघा. साध्या, जड पटाशीचं पातं आयताकृती असतं, कडा सरळ उभ्या. ती दणकट असते, चौकटीच्या कामाला चांगली. दुसऱ्या प्रकारात वरच्या बाजूने दोन्ही कडा तिरक्या उतरवलेल्या असतात, त्यामुळे कडेला पातं पातळ होतं आणि डव्हटेलसारख्या तिरप्या कोपऱ्यात धार शेवटपर्यंत पोचते. घरासाठी हीच घ्या. बिजागरीपासून खणाच्या सांध्यापर्यंत सगळं तिच्यावर निभावतं.

उतरत्या कडांच्या पटाशीत एक फरक दुकानातच तपासायचा असतो. उतार पाठीपाशी जिथे संपतो तिथे किती जाडी उरली आहे? चांगल्या पटाशीत ही उभी कड अर्ध्या ते एक मिलिमीटरची असते. स्वस्त पटाशीत ती दोन-तीन मिलिमीटर जाड राहते, म्हणजे कडा उतरवल्या आहेत त्या नावापुरत्या. अशी पटाशी बिजागरीच्या खाचेला चालते, पण डव्हटेलच्या कोपऱ्यात शेजारचं लाकूड चेपते.

भोकं पाडायची जाड, अरुंद पटाशी, जिला विंधणं म्हणतात, ती कुसू-भोकाची कामं हाताने करायची ठरवाल तेव्हा घ्या. लांब पात्याची, फक्त हाताने ढकलायची तासपटाशी आणि गोल पटाशीही तशाच, गरज आली की.

३. मापं: चारच

६, १२, १८ आणि २५ मिमी. मी पहिल्यांदा घेतला तो दहा पटाश्यांचा संच होता, लाकडी पेटीत रांगेने लावलेला. पाच वर्षांनी बघितलं तर सहा पटाश्यांवरचं कारखान्याचं लॅकर तसंच होतं आणि रोजच्या चार मात्र निम्म्या झिजल्या होत्या. त्याच पैशात चार चांगल्या आल्या असत्या, हे तेव्हा कळलं.

१२ची पटाशी सगळ्यात जास्त हातात राहते. २५ची बिजागरीची खाच, लांब कड तासणं, कुशाचा खांदा सरळ करणं यासाठी. रुंद पाठ लाकडावर टेकून राहते, त्यामुळे पृष्ठभाग एकसारखा निघतो. ६ची अरुंद खाचा आणि डव्हटेलमधल्या फटींसाठी. १८ची थोडी मागेपुढे चालेल. दोनच घ्यायची ऐपत असेल तर १२ आणि २५ घ्या.

मिलिमीटर आणि इंच यांची सरमिसळ मात्र टाळा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. राउटरने ६ मिमीची खाच पाडली असेल तर पाव इंची पटाशी तिच्यात शिरणारच नाही. घरातले ड्रिल आणि राउटरचे बिट ज्या मापात आहेत त्याच मापात पटाश्या घ्या. पात्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, कॅलिपर असेल तर मोजा.

४. पाठ

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पटाशीची धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे भेटतात ती रेघ. एक पुढचा उतार आणि दुसरी मागची सपाट पाठ. उतार कितीही घासला तरी पाठीवर ओरखडे असतील तर ती रेघ दातेरीच राहणार. आणि पाठीचं दुसरं काम त्याहून मोठं. तासताना पाठ लाकडावर टेकलेली असते आणि धार कुठे जाईल ते तीच ठरवते. रंध्याला जसा तळ, तशी पटाशीला पाठ.

माझ्या त्या संचातली २५ची पटाशी पाठीला फुगीर होती. मला ते माहीत नव्हतं. कुसू तासायला ती सपाट ठेवली की धार लाकडाला लागायचीच नाही, वरून नुसती घसरायची. मग मूठ थोडी उचलायची, की धार एकदम खोल घुसायची. मी कित्येक दिवस समजत होतो की माझ्याच हाताला वळण नाही. एक दिवस पट्टी लावून पाहिली तेव्हा दिसलं: पाठ मधे टेकत होती आणि धारेपाशी पट्टीखालून केसभर उजेड येत होता. तो केसभर उजेड दगडावर घासून काढायला दोन संध्याकाळी गेल्या.

म्हणून खिशात पंधरा सेंटिमीटरची पोलादी पट्टी घेऊन दुकानात जा. पट्टी तिच्या कडेवर उभी करून पाठीवर टेकवा, उजेडाकडे धरा आणि खालच्या फटीत बघा. आधी लांबीत, मग धारेला समांतर आडवी, मग दोन्ही तिरप्या रेषांत. धारेपासूनचे पहिले ३० मिमी महत्त्वाचे, त्यामागचं थोडं इकडे-तिकडे चालतं.

- मधे उजेड आणि दोन्ही टोकांना टेकते: पाठ किंचित खोलगट आहे. चालेल. दगडावर टेकणाऱ्या कडाच फक्त घासायच्या असल्याने काम लवकर होतं. जपानी पटाश्यांच्या पाठीला तर मुद्दाम खळगा केलेला असतो.
- मधे टेकते, टोकांना उजेड: पाठ फुगीर. परत ठेवा.
- तिरप्या रेषांत एकीकडे टेकते, दुसरीकडे नाही: पातं पिळलेलं आहे. तीही परत.

पट्टी नसेल तर प्रतिबिंब बघा. पाठ पुरेशी चकचकीत असेल तर छतावरच्या ट्यूबलाइटची रेघ तिच्यात पकडा आणि पटाशी हळूहळू कलती करा. रेघ सरळ सरकली तर पाठ बरी. धारेपाशी येताना रेघ वाकली तर कारखान्यात पॉलिशच्या चाकावर कड गोलावली आहे. आरशासारखी चमकणारी पाठ बघून भुलू नका, चमक आणि सपाटपणा या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बारीक समांतर ओरखड्यांची, मंद दिसणारी पाठ पुष्कळदा जास्त सपाट निघते, कारण ती ग्राइंडिंग यंत्रावरून सरळ आलेली असते.

एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या दोन पटाश्यांतही फरक असतो. दुकानदाराला तीन-चार काढायला सांगा. ऑनलाइन मागवली तर आल्या दिवशीच पट्टी लावा, परत करायची मुदत संपायच्या आत.

५. पोलाद आणि पाणी

पटाशीला कडक धार हवी, पण काचेसारखी ठिसूळ नको. ही दोन्ही मागणी पूर्ण करायचं काम पोलादाचं आणि त्याहून जास्त पाणी देण्याचं. तापवून एकदम थंड केलेलं पोलाद फार ठिसूळ होतं. मग ते पुन्हा मंद, साध्या कार्बन पोलादात साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास, तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. हे नीट जमलेलं साधं पोलाद, न जमलेल्या भारी पोलादापेक्षा कितीतरी चांगलं.

पॅकिंगवर काय लिहिलं आहे ते वाचा. ‘क्रोम व्हॅनेडियम’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्यातून फारसं कळत नाही, पाने-पक्कडींवरही तेच लिहिलेलं असतं. कडकपणाचा आकडा, म्हणजे रॉकवेल सी, दिलेला असेल तर ती चांगली खूण. ५८ ते ६२ ही पाश्चात्त्य घडणीच्या पटाश्यांची नेहमीची कक्षा. ५९च्या आसपासची पटाशी घरी वापरायला सोपी: लवकर धार घेते, साध्या दगडावर घासली जाते, थोडी चूक पोटात घालते.

ओ-१ या पोलादाला अगदी बारीक धार येते, पण गंज लवकर धरतो. ए-२मध्ये सुमारे ५ टक्के क्रोमियम असतं. धार जास्त टिकते, मात्र घासायला वेळ लागतो आणि २५ अंशांवर धार ठेवली तर तिचे बारीक कण उडतात. तिला ३० किंवा थोडा जास्त कोन लागतो. जपानी पटाशीत मऊ लोखंडाला खाली कडक पोलादाचा थर जोडलेला असतो, कडकपणा ६२ ते ६५ पर्यंत. धार अप्रतिम, पण डबा उघडायला किंवा खिळा उचकायला ती वापरली तर तुकडाच पडेल. पहिली पटाशी म्हणून मी ती सुचवणार नाही. घरातली पटाशी कधी ना कधी खिळ्यावर आपटतेच.

घरी आणल्यावर एक चाचणी करता येते. नवी, तीक्ष्ण कानस पात्याच्या कडेवर, धारेच्या जरा मागे, एकदाच हलकी ओढा. ती घसरली तर पाणी चांगलं बसलं आहे. सहज किस निघाला तर पातं मऊ आहे. मुठीकडच्या भागात पोलाद मऊ असणं स्वाभाविक आहे, तिथली चाचणी धरू नका.

६. मूठ

पटाशी डोळ्यासमोर धरून टोकापासून बघा. मूठ आणि पातं एका रेषेत हवं. मूठ वाकडी बसली असेल तर मोगरीचा प्रत्येक ठोका पटाशीला एका बाजूला ढकलतो.

मग ती दोन तऱ्हांनी धरा. एकदा मोगरीचा ठोका मारायला धरतो तशी, आणि एकदा पातं बोटांच्या चिमटीत, मुठीचं टोक तळहातात. दुसऱ्या पकडीत टोक टोचत असेल तर अर्ध्या तासात हात दुखणार.

प्लॅस्टिकची मूठ टिकाऊ असते आणि ठोका सहन करते. ती कमी दर्जाची समजू नका. तिची अडचण वेगळी, ती वजनदार असते आणि घामाने निसटते. लाकडी मुठीत बीच, अ‍ॅश, हॉर्नबीम ही लाकडं नेहमीची. लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीत सरळ गेल्या आहेत का ते बघा. रेषा तिरप्या बाहेर पडत असतील तर मूठ तिथेच चिरेल. पात्याचं टोक मुठीत ठोकलेलं असेल तर खालची शेंबी, म्हणजे मुठीभोवतीचं धातूचं कडं, घट्ट हवी. पात्यालाच खोबण असून तिच्यात मूठ बसवलेली असेल तर कोरड्या हवेत ती कधीकधी निसटून हातात येते. परत बसवून टोकावर लाकडी ठोका दिला की घट्ट होते, तो दोष नव्हे.

वरच्या टोकाला पोलादी कडं नसलेल्या लाकडी मुठीवर लोखंडी हातोडा मारू नका. अर्धा किलोच्या आसपासची लाकडी मोगरी घ्या.

७. जुनी पटाशी मिळाली तर

जुन्या बाजारात किंवा आजोबांच्या पेटीत पटाशी मिळाली तर तिच्याकडे तोंड फिरवू नका. जुन्या इंग्रजी पटाश्यांवर ‘कास्ट स्टील’ असा ठसा असतो. तो वाचून ते बिडाचं ओतकाम आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. ते मुशीत वितळवलेलं पोलाद आहे. शेफिल्डच्या बेंजामिन हंट्समनने १७४०च्या दशकात ही पद्धत बसवली आणि पुढे दीड शतकाहून जास्त काळ उत्तम हत्यारं त्याच पोलादाची झाली.

तीन गोष्टी तपासा. पाठीवर धारेजवळ गंजाचे खड्डे आहेत का? वरवरचा गंज घासून जातो, खोल खड्डा धारेपर्यंत आला की तिथे धार तुटकीच राहते. पातं किती उरलं आहे? आणि धारेपाशी निळा रंग आहे का? साधं कार्बन पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं की निळं होतं, म्हणजे कुणीतरी ग्राइंडरवर घासताना तिचं पाणी घालवलं आहे. निळा भाग घासून संपेपर्यंत ती धार धरणार नाही. मूठ फुटलेली असली तर काही बिघडत नाही.

८. घरी आणल्यावर

पात्यावरचं लॅकर थिनरने पुसून काढा, नाहीतर ते दगडात भरतं.

मग पाठ. जाड काचेचा तुकडा सपाट टेबलावर ठेवा, त्यावर पाण्याने २२० नंबरचा वॉटर पेपर चिकटवा, पाठ पूर्ण टेकवून फक्त पुढचे ३० मिमी घासा. बोटं धारेच्या जवळ दाबून ठेवा; मूठ उचलली गेली तर पाठ कायमची गोलावेल. अधूनमधून मार्करने पाठीवर रेघोट्या मारा, शाई कुठे उरली ते दिसतं. धारेच्या अख्ख्या लांबीत शाई गेली की ४००, मग १०००, मग त्याहून बारीक. हे काम पटाशीच्या आयुष्यात एकदाच करायचं असतं, म्हणून घाई करू नका.

उताराचा कोन घरच्या कामाला २५ अंश, आणि धारेपाशी ३० अंशांची बारीक पट्टी. कोन मोजायची सोपी रीत: उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असेल तर कोन ३० अंशांचा. ४ मिमी जाड पात्याला ८ मिमी उतार म्हणजे ३०, साडेनऊ मिमी म्हणजे २५. हाताने कोन टिकत नसेल तर चाकाची धारमार्गदर्शिका वापरा, म्हणजे होनिंग गाइड. बाजूने पकडणाऱ्या नेहमीच्या गाइडमधून पटाशी ४० मिमी बाहेर ठेवली की २५ अंश आणि ३० मिमी ठेवली की ३० अंश येतात.

१००० नंबरच्या दगडावर उतार घासा आणि पाठीकडून बोटाचं पेर धारेच्या बाहेर हलकेच ओढा, कधीही धारेच्या लांबीत नको. अख्ख्या रुंदीत खरखर लागली की बर (धारेवर वळलेली पोलादाची बारीक कड) आली, म्हणजे घासणं धारेपर्यंत पोचलं. जिथे लागत नाही तिथे अजून पोचलेलं नाही. मग ६००० किंवा ८०००च्या दगडावर आठ-दहा फेऱ्या, पाठ सपाट टेकवून दोन फेऱ्या, आणि शेवटी चामड्यावर मागे ओढत बर काढून टाका.

आता पाइनच्या फळीचा तुकडा शिकंज्यात पकडा आणि त्याचं आडवं कापलेलं टोक तासून बघा. मऊ लाकूड सोपं वाटतं, पण टोकाकडून ते बोथट पटाशीने कापलं जात नाही, चुरगळतं. पांढरे, भुरभुरीत ठिपके दिसले तर परत दगडावर जा. चांगल्या धारेने पातळ, अखंड छिलका निघतो आणि मागे उरलेलं लाकूड मेणासारखं तुळतुळीत दिसतं. तासताना दोन्ही हात धारेच्या मागे ठेवा, आणि लाकूड शिकंज्यात. एका हातात लाकूड धरून दुसऱ्याने पटाशी ढकलणं हा हात कापून घ्यायचा खात्रीचा रस्ता आहे.

९. पहिल्या महिन्यात धारेवर लक्ष ठेवा

नवी पटाशी सुरुवातीला धार धरत नसेल तर लगेच नावं ठेवू नका. कारखान्यात घासताना धारेचा पहिला भाग कधीकधी जास्त तापलेला असतो. दोन-तीनदा धार लावून तो निघून गेला की आतलं चांगलं पोलाद लागतं. त्यानंतरही धार कशी जाते ते भिंगातून बघा. बारीक तुकडे उडत असतील तर कोन दोन-तीन अंशांनी वाढवा, बहुधा तेवढ्यानेच थांबतं. धार एका बाजूला वळत असेल आणि कोन वाढवूनही वळत असेल तर पोलाद मऊ आहे आणि घरी त्यावर इलाज नाही.

अशी मऊ निघालेली पटाशी टाकून देऊ नका. तिला वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवा आणि वाळलेला फेविकॉल खरवडणं, जुना रंग काढणं, प्लायवुड आणि एमडीएफच्या कडा तासणं यासाठी ठेवा. प्लायमधला डिंकाचा थर कुठलीही धार झपाट्याने खातो. ती पटाशी हाताशी असली की बाकीच्या चार फक्त लाकडालाच लागतात.